हक्क आणि अंमल : अमेरिकेतील पुनर्रचनेचा काळ (1865–1877)



जोतीराव फुले यांनी 1873 साली पुण्यात ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, ही गोष्ट या सभागृहातील बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या देशाकडे पाहून जोतीरावांना एवढा भरवसा वाटला त्या देशात त्याच वर्षी काय चालले होते, याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. त्या वर्षीच्या 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना संस्थानातील कोलफॅक्स या गावी, कायदेशीर निवडणुकीने मिळालेला अंमल राखण्यासाठी कचेरीत जमलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर सशस्त्र गोऱ्यांच्या जमावाने हल्ला केला, कचेरीला आग लावली, आणि शरण आलेल्यांनाही रात्री एकेक करून ठार मारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकांच्या खटल्याचा निकाल देताना चौदाव्या घटनादुरुस्तीतील नागरिकांच्या विशेष हक्कांच्या कलमाचा अर्थ इतका आकुंचित केला की, त्या कलमावर विसंबलेल्यांच्या हाती त्यातले फारच थोडे उरले. सप्टेंबरच्या 18 तारखेस जे कूक यांची बलाढ्य पेढी बुडाली आणि साऱ्या देशाचे मन दक्षिणेकडील अन्यायावरून उडून आपापल्या बुडत्या व्यवहाराकडे लागले. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, 24 सप्टेंबरला, पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. एका देशातील मुक्तीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून दुसऱ्या देशात एक चळवळ उभी राहत होती, आणि त्याच क्षणी पहिल्या देशात ते उदाहरण मोडून टाकण्याचे काम सुरू झाले होते. आजच्या व्याख्यानात मला याच मोडतोडीचा, आणि तिच्याआधी झालेल्या विलक्षण बांधणीचा, विचार करावयाचा आहे.

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते इतिहास शिकविताना लढाया थोडक्यात आटोपत आणि तहानंतरच्या बंदोबस्ताकडे वळत. वसूल कोणी केला, फिर्याद कोणी ऐकली, दफ्तर कोणाच्या ताब्यात राहिले, हे कळल्याखेरीज जय कोणाचा झाला हे सांगता येत नाही, असे त्यांचे मत होते. त्यांची ही कसोटी अमेरिकेच्या यादवी युद्धाला जितकी तंतोतंत लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्या युद्धाला लागू पडत असेल असे मला वाटत नाही.

युद्ध एप्रिल 1861 मध्ये सुरू झाले आणि 9 एप्रिल 1865 रोजी व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्स येथे बंडखोर दक्षिणेचे सेनापती ली यांनी शस्त्रे खाली ठेवली तेव्हा वस्तुतः संपले. सहा लाखांहून अधिक माणसे त्यात कामास आली. पाचच दिवसांनी अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर होऊन गुलामगिरी कायमची रद्द झाली, आणि सुमारे 40 लाख स्त्रीपुरुष व मुले, जी कालपर्यंत मालमत्तेच्या यादीत बैलघोड्यांच्या शेजारी किमतीसह नोंदविली जात होती, ती मुक्त झाली. परंतु मुक्त म्हणजे कोण? ती नागरिक होती काय? त्यांना करारनामा करता येईल काय, साक्ष देता येईल काय, त्यांचे विवाह कायदेशीर ठरतील काय, आणि ज्या जमिनीत त्यांच्या दोनशे वर्षांच्या घामाचा चिखल झाला होता तिचा काही तुकडा त्यांना मिळेल काय? तेराव्या दुरुस्तीने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते. उलट गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला तिने मोकळीक ठेवली होती, आणि त्या मोकळिकीतून पुढे कैद्यांना मळेवाल्यांकडे व खाणमालकांकडे मक्त्याने देण्याची एक भीषण पद्धत दक्षिणेत उभी राहिली.

मुक्त झालेल्यांना काय हवे होते हे कोणी विचारलेच नाही असे मात्र नाही. 12 जानेवारी 1865 रोजी, युद्ध चालू असतानाच, जॉर्जियातील सव्हाना शहरात सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी 20 कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना व मंडळींच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर हे 67 वर्षांचे वृद्ध गृहस्थ बोलले. त्यांनी आठ वर्षांपूर्वी स्वतःची व आपल्या पत्नीची सुटका 1000 डॉलर रोख मोजून करून घेतली होती. गुलामगिरी म्हणजे काय असे विचारता, दुसऱ्याच्या श्रमाचे फळ त्याच्या संमतीवाचून बळाने घेणे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. आणि आता तुम्ही आपला निर्वाह कसा कराल असे विचारता, आम्हांला जमीन द्या, ती आम्ही आपल्या कष्टाने कसू व पुढे विकत घेऊ, असे त्यांनी सांगितले. राज्यशास्त्राच्या मोठमोठ्या ग्रंथांतूनही दास्य आणि स्वातंत्र्य यांची इतकी नेमकी मांडणी मला आढळलेली नाही. चार दिवसांनी शर्मन यांनी हुकूम काढला : चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडे किनाऱ्यालगतची बेटे आणि 30 मैल आतपर्यंतची सोडून दिलेली भातखाचरे मुक्त कुटुंबांना दर कुटुंबी जास्तीत जास्त 40 एकर याप्रमाणे वाटून द्यावीत. जून महिन्यापर्यंत सुमारे 40,000 माणसे 4 लाख एकर जमिनीवर वसली.

लिंकन यांच्या जागी आलेले अँड्र्यू जॉन्सन हे टेनेसीचे. गरिबीतून वर आलेले, शिंप्याचा धंदा केलेले, आणि मोठ्या मळेवाल्यांचा मत्सर करणारे. त्या मळेवाल्यांना ते धडा शिकवतील अशी अनेकांची अपेक्षा होती. पण 29 मे 1865 च्या जाहीरनाम्याने त्यांनी बंडखोरांना, राजनिष्ठेची शपथ घेतल्यास, माफी आणि गुलामांखेरीज इतर सर्व मालमत्ता परत देऊ केली. ज्या बड्यांना या सरसकट माफीतून वगळले होते त्यांनीही व्यक्तिशः अर्ज करून ती भराभर मिळविली. म्हणजे ज्या जमिनीवर मुक्त कुटुंबांनी नुकताच नांगर धरला होता ती मूळ मालकांच्या स्वाधीन करावयाची! हे सांगण्याचे दुर्दैवी काम मुक्तजनांच्या खात्याचे प्रमुख ऑलिव्हर हॉवर्ड यांच्या वाट्याला आले. ऑक्टोबर महिन्यात साउथ कॅरोलिनाच्या एडिस्टो बेटावरील एका चर्चमध्ये लोक दाटीवाटीने जमले होते. युद्धात उजवा हात गमावलेले, मनाने सज्जन आणि श्रद्धाळू असे हे सेनापती उभे राहिले आणि त्यांना शब्द सुचेनात. जमलेल्यांत आधी गलका उसळला, मग एका वृद्ध स्त्रीने दुःखाचे एक भजन सुरू केले आणि सर्वांनी तिच्या सुरात सूर मिसळला. शेवटी हॉवर्ड यांनी, जुन्या मालकांना क्षमा करा आणि त्यांच्याकडे मजुरीचा करार करा, असा उपदेश केला. बेटवासीयांनी निवडलेल्या तिघांच्या समितीने त्यांना लेखी उत्तर दिले, आणि त्या पत्राचा आशय असा की, ज्याने मला झाडाला बांधून 39 फटके मारले, ज्याने माझ्या आईला व बहिणीला चाबकाने फोडले, आणि जो आज माझ्या घामाच्या जमिनीवरून मला हुसकावतो, त्याला क्षमा करा असे आपण सांगता. आम्ही सरकारशी एकनिष्ठ राहिलो, सरकारच्या शत्रूंना जमीन मिळते आणि सरकारच्या मित्रांना बेघर व्हावे लागते, हा कुठला न्याय? पुनर्रचनेच्या सगळ्या दफ्तरात या अर्जाइतका मोलाचा दुसरा कागद नाही, असे माझे मत आहे. त्याचे उत्तर सरकारला देता आले नाही. पुढल्या वर्षी बहुतेक जमिनी परत गेल्या.

जमीन गेली आणि पाठोपाठ कायदेही आले. नोव्हेंबर 1865 मध्ये मिसिसिपीच्या विधिमंडळाने, आणि लगोलग साउथ कॅरोलिना व इतर संस्थानांनी, मुक्तजनांसाठी वेगळे कायदे केले. मिसिसिपीत दर वर्षीच्या जानेवारीत प्रत्येक कृष्णवर्णीयाने आपल्या कामधंद्याचा लेखी दाखला बाळगला पाहिजे असे ठरले. मुदतीच्या आत मालकाला सोडून गेला तर त्याची मजुरी जप्त आणि त्याला पकडून परत आणण्याचा अधिकार कोणाही गोऱ्यास. शहराबाहेर जमीन खंडाने घेण्याची बंदी. बेकार दिसला की भटक्या ठरवून दंड, आणि दंड न भरल्यास जो तो भरील त्याच्याकडे सक्तीची मजुरी. आईबाप पोसू शकत नाहीत असे ठरवून मुलांना उमेदवार म्हणून जुन्याच मालकाच्या स्वाधीन करणे. मनुष्यविक्रीचा बाजार तेवढा उठला होता. बाकी सारी वहिवाट पूर्वीचीच राहणार होती.

हे कायदे उत्तरेत छापून आले तेव्हा तेथील लोकमत खवळले, आणि डिसेंबरमध्ये भरलेल्या काँग्रेसने दक्षिणेकडून निवडून आलेल्या सभासदांना, त्यांत बंडखोर सरकारचे उपाध्यक्ष आणि अनेक सेनापती होते, सभागृहात जागा देण्याचे नाकारले. येथून पुढची दोन वर्षे अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यातील झुंजीची आहेत. पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स, मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर, इलिनॉयचे लिमन ट्रम्बुल, ओहायोचे जॉन बिंगहॅम ही त्यातील प्रमुख नावे. स्टीव्हन्स यांची दृष्टी सर्वांत दूरवर गेली होती. बड्या बंडखोर मळेवाल्यांच्या जमिनी सरकारजमा करून त्यांतून प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषास 40 एकर द्यावे असे ते सप्टेंबर 1865 पासून सांगत होते, परंतु मालमत्तेच्या पावित्र्याला धक्का लावण्यास त्यांच्या स्वतःच्या पक्षाचीही छाती झाली नाही. मनुष्यांना मालमत्तेतून मुक्त करणारे हेच विधिमंडळ जमिनीच्या मालकीपुढे येऊन थबकले, आणि माझ्या मते पुढच्या सर्व अनर्थाचे मूळ तेथे आहे. जमिनीचा प्रश्न टाळल्यावर काँग्रेसच्या हाती राहिला तो नागरिकत्वाचा आणि मताचा हक्क. आणि त्या दिशेने तिने जे केले ते मात्र खरोखर अपूर्व होते.

1866 च्या एप्रिलमध्ये अध्यक्षांचा नकाराधिकार डावलून नागरी हक्कांचा पहिला कायदा झाला; करार करणे, दावा लावणे, साक्ष देणे, जमीन घेणे व विकणे हे हक्क वर्णनिरपेक्ष ठरले. त्याच उन्हाळ्यात मंजूर होऊन जुलै 1868 मध्ये अमलात आलेल्या चौदाव्या दुरुस्तीने देशात जन्मलेला प्रत्येक मनुष्य नागरिक आहे असे जाहीर केले, आणि कृष्णवर्णीय कधीही नागरिक होऊ शकत नाहीत हा सर्वोच्च न्यायालयाचा 1857 चा निकाल पुसून टाकला. कोणत्याही संस्थानाने कोणाही माणसास कायद्याच्या समान संरक्षणास मुकवू नये असा दंडक घालून दिला. या दुरुस्तीमागे केवळ करुणा होती असे समजण्याचे कारण नाही. जुन्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरविताना पाच गुलामांची तीन माणसे धरली जात. आता ती पाचची पाच धरली जाणार, म्हणजे बंड हरलेल्या दक्षिणेचे बळ काँग्रेसमध्ये उलट वाढणार, आणि मतदान मात्र जुने मालकच करणार! तत्त्व आणि राजकीय हित असे एका वाटेवर आले म्हणूनच एवढी मोठी उडी शक्य झाली. राजकारणात असा योग क्वचित येतो, आणि तो आला असता त्याचा लाभ घेणाऱ्यांना दोष देण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही.

मार्च 1867 च्या कायद्यांनी दहा बंडखोर संस्थानांचा मुलूख पाच लष्करी विभागांत वाटला गेला आणि विभागीय सेनापतींना मतदारयाद्या तयार करण्याचा हुकूम झाला. इतिहासाची पुस्तके या गोष्टीवरून एका वाक्यात पुढे जातात. परंतु आपण जरा थांबून ते दृश्य पाहावे : गावोगाव नोंदणी मंडळे बसत आहेत, मेजावर जाड वही उघडलेली आहे, आणि ज्याला मालकाचे आडनावच काय ते ठाऊक होते तो मनुष्य पुढे येऊन आपण निवडलेले आडनाव सांगत आहे, आणि सरकारी कारकून ते लिहून घेत आहे. सुमारे 7 लाख कृष्णवर्णीय पुरुषांची नावे अशी चढली. शेतमजुरी करणारी माणसे दिवसाची मजुरी बुडवून, मैलोगणती चालून या कचेऱ्यांपुढे येत होती. मालकाने कामावरून काढीन अशी धमकी दिली असताही येत होती. मताचा अर्थ त्यांना कळत नव्हता असे म्हणणाऱ्यांनी या पायपिटीचा अर्थ लावून दाखवावा.

या मतांवर ज्या घटनासभा निवडून आल्या त्यांतली चार्ल्स्टनची सभा, जानेवारी 1868 मध्ये भरलेली, मला सर्वाधिक मोलाची वाटते, कारण तिथे बहुसंख्य सभासद कृष्णवर्णीय होते. त्यांत रॉबर्ट स्मॉल्स नावाचा 28 वर्षांचा तरुण होता. 13 मे 1862 च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपले असता, या गुलाम सुकाणूदाराने ‘प्लँटर’ हे बंडखोरांचे जहाज आपल्या व सोबत्यांच्या बायकामुलांसह चार्ल्स्टन बंदरातून बाहेर काढले; कप्तानाची गवती टोपी डोक्यावर ठेवून, प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना बरोबर त्या त्या खुणेची शीळ देत, तो उघड्या समुद्रात संघराज्याच्या नौदलाला जाऊन मिळाला. पुढे करापायी लिलावात निघालेले आपल्या जुन्या मालकाचे ब्यूफर्ट येथील घर त्याने विकत घेतले. त्या स्मॉल्सने घटनासभेत ठराव मांडला तो सर्वांसाठी मोफत सार्वजनिक शाळांचा. युद्धापूर्वी या संस्थानात गुलामास लिहावाचायला शिकविणे हा गुन्हा होता, आणि गरीब गोऱ्यांच्या मुलांचीही शाळेच्या नावाने आबाळच होती. नव्या घटनेने वर्णभेद न करता शाळा उघडल्या, कर्जापायी तुरुंगात टाकण्याची चाल बंद केली, पदासाठी मालमत्तेची अट काढून टाकली, गावच्या न्यायाधीशापासून वरपर्यंतचे अंमलदार लोकांच्या मतावर आणले. गरीब गोऱ्याला त्याच्या स्वतःच्या जातीच्या राज्यकर्त्यांनी जे कधी दिले नव्हते ते त्याला कालच्या गुलामांनी दिले. आणि हे सारे चालवायला पैसा हवा, म्हणून जमिनीची किंमत ठरवून तिच्यावर पट्टी बसविली गेली. युद्धापूर्वी दक्षिणेत जमीनदार कर देत असे तो नाममात्र. आता शाळेची, रस्त्याची, इस्पितळाची पट्टी त्याच्या विस्तीर्ण पडीक जमिनीवर बसू लागली. ‘करखाऊ सरकार’, ‘लुटारू सरकार’ अशी जी ओरड त्यानंतर सुरू झाली आणि जी पुढे अर्धे शतक पाठ्यपुस्तकांतून ऐकू येत राहिली, तिचा उगम या जमाबंदीच्या दफ्तरात शोधला पाहिजे.

लाचलुचपत झाली नाही असे मी म्हणत नाही. रेल्वेच्या कर्जरोख्यांत झाली, साउथ कॅरोलिनाच्या भूमी आयोगात झाली. परंतु त्याच आयोगाने जमीन विकत घेऊन हप्त्याने विकली आणि 1890 पर्यंत सुमारे 14,000 कृष्णवर्णीय कुटुंबे त्यातून जमिनीवर वसली. आणि त्याच वर्षांत उत्तरेत न्यूयॉर्क शहराची तिजोरी ट्वीड आणि त्याचे साथीदार राजरोस लुटत होते, तेव्हा गोऱ्यांना मताधिकार द्यायला नको होता असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

1870 च्या फेब्रुवारीत पंधरावी दुरुस्ती अमलात आली आणि वर्णावरून मताधिकार नाकारणे घटनाबाह्य ठरले. त्याच महिन्यात मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये जाऊन बसले. पुनर्रचनेच्या वर्षांत 16 कृष्णवर्णीय काँग्रेसमध्ये आणि सुमारे 2000 लहानमोठ्या अधिकारपदांवर आले. स्त्रियांना मात्र या दुरुस्तीने वगळले, आणि ज्यांनी गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचले होते त्या एलिझाबेथ केडी स्टँटन व सुझन अँथनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांपासून दुरावल्या. ही फूट मोठी दुःखद होती. तिची कहाणी स्वतंत्र व्याख्यानाची आहे.

हक्क कागदावर आले, अंमलदार निवडून आले. पोट मात्र जुन्याच मालकाच्या जमिनीवर भरायचे होते. नांगर, खेचर, बी मालकाचे, श्रम कुळाचे, आणि निम्मे पीक मालकाला, अशी अर्धेलीची पद्धत रूढ झाली. सुगीपर्यंतचे धान्य, कापड, मीठ दुकानदाराकडून उधार आणावे लागे, त्याला उभे पीक तारण असे, आणि कापसाखेरीज दुसरे पीक तो तारण म्हणून घेत नसे. वर्षअखेर वही उघडली जाई. ती वाचणाऱ्याने सांगितलेला आकडा न वाचणाऱ्याने मान्य करावयाचा. महाराष्ट्राला ही वही परकी नाही, आणि येथे तर दोन्ही देशांचा धागा प्रत्यक्षच जुळलेला आहे : अमेरिकेचा कापूस युद्धामुळे अडला तेव्हा मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, दख्खनच्या शेतकऱ्याला सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली, युद्ध संपताच भाव कोसळले, 1 जुलै 1865 रोजी मुंबईतील शेअरांचे मनोरे ढासळले, सारा वाढला, कर्ज मात्र जिथल्या तिथे राहिले, आणि मे 1875 मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. एकाच कापसाच्या बाजाराने मिसिसिपीचे कूळ आणि भीमथडीचे कूळ एकाच दशकात ऋणाच्या दाव्याला बांधले.

दक्षिणेत मात्र जाळपोळ दुसऱ्या बाजूने चालली होती. टेनेसीतील पुलास्की गावी युद्धानंतर निघालेली कु क्लक्स क्लॅन ही टोळी 1868 पासून रात्री घरे जाळू लागली, शिक्षकांना फटके मारू लागली, मतदारांचे व निवडून आलेल्यांचे खून पाडू लागली. तिचा रोख कोणावर होता हे पाहिले म्हणजे तिचा हेतू स्पष्ट होतो : जो जमीन घेतो, जो शाळा चालवितो, जो मते गोळा करतो, त्याच्यावर. स्थानिक शेरीफ साक्षीदार मिळत नाही म्हणून हात झटकी. तेव्हा 1870 आणि 1871 मध्ये काँग्रेसने अंमलबजावणीचे कायदे केले, नव्याने स्थापन झालेल्या न्यायखात्याकडे ते सोपविले, आणि त्या खात्याचे प्रमुख ॲमॉस एकरमन यांनी, जे स्वतः एकेकाळी बंडखोरांच्या फौजेत होते, ते नेटाने राबविले. ऑक्टोबर 1871 मध्ये साउथ कॅरोलिनाच्या नऊ तालुक्यांत अटकेविरुद्ध दाद मागण्याचा हक्क तहकूब झाला, फौजेने शेकडो लोकांना धरले, कोलंबिया येथे खटले चालले, आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय पंचांपुढे मुक्तजनांनी, स्त्रियांनी सुद्धा, उभे राहून नावानिशी साक्ष दिली. वर्षभरात क्लॅन मोडली. याचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे. कारण गोऱ्या दक्षिणेचा विरोध ही नैसर्गिक आपत्तीसारखी अनिवार्य गोष्ट होती आणि तिच्यापुढे कोणतेही सरकार हतबलच ठरले असते, हा जो युक्तिवाद पुढे रूढ झाला, त्याला ही नऊ तालुक्यांची हकीकत कायमचे उत्तर देते. सरकारने अंमल बसविला तेथे हक्क जगला.

मग अंमल उठला कसा? उत्तरेतील लोक थकले. मुक्तजनांच्या खात्याकडे साऱ्या दक्षिणेसाठी एका वेळी 900 हून अधिक अंमलदार कधीच नव्हते, आणि तेही बहुतांशी 1868 अखेर उठविले गेले. 1873 च्या मंदीने भांडवलदारांना आपल्या मजुरांच्या संपांची चिंता लागली. मुक्तजनांच्या बचतीसाठी 1865 मध्ये काँग्रेसच्या सनदेने निघालेली पेढी विश्वस्तांच्या बेफिकीर कर्जवाटपामुळे 1874 च्या जूनमध्ये बंद पडली, आणि धोबिणींच्या, सैनिकांच्या, मोलकऱ्यांच्या 61,000 खात्यांतील सुमारे 30 लाख डॉलर अडकले. खात्यांच्या पुस्तकांवर लिंकन यांची प्रतिमा छापलेली होती, त्यामुळे सरकारच आपल्या पैशाला हमी आहे असे त्या बापड्यांना वाटत होते. आणि न्यायालयांनी उरलेली वाट बंद केली. कोलफॅक्सच्या हत्याकांडाबद्दल सुमारे 100 जणांवर आरोप ठेवले गेले, तिघे दोषी ठरले, आणि मार्च 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही सोडले : चौदावी दुरुस्ती संस्थानांच्या सरकारांना बांधते, खाजगी माणसांना बांधत नाही, जमावाने खून केला तर दाद संस्थानाकडे मागावी. ज्या संस्थानाची कचेरी त्या जमावाने जाळली होती त्याच संस्थानाकडे!

1875 मध्ये मिसिसिपीचे राज्यपाल ॲडेलबर्ट एम्स यांनी निवडणुकीपूर्वी चाललेला हिंसाचार थांबविण्यासाठी केंद्राकडे फौज मागितली. तिकडून उत्तर आले की, दक्षिणेतील या नेहमीच्या दंग्यांना लोक कंटाळले आहेत. फौज आली नाही, आणि सशस्त्र टोळ्यांच्या पहाऱ्यात निवडणूक पार पडली. पुढल्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात सापडला, सौदा झाला, हेझ अध्यक्ष झाले, आणि एप्रिल 1877 मध्ये कोलंबिया व न्यू ऑर्लिन्स येथील सरकारी कचेऱ्यांपुढचे शिपाई छावणीत परत गेले. त्यासरशी ती दोन्ही सरकारे पडली.

घटनादुरुस्त्या मात्र रद्द झाल्या नाहीत. त्या पुस्तकात राहिल्या आणि त्यांना बगल देण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या. 1890 च्या मिसिसिपीच्या घटनेने मताला पट्टी लावली आणि घटनेतील कलमाचा अर्थ सांगता येण्याची अट घातली. अर्थ बरोबर की चूक हे गोऱ्या कारकुनाने ठरवावयाचे. लुइझियानात 1896 मध्ये 1,30,334 कृष्णवर्णीय मतदार यादीत होते, 1904 मध्ये 1,342 उरले. साउथ कॅरोलिनाने 1895 मध्ये नवी घटनासभा भरविली. तिच्यातील 6 कृष्णवर्णीय सभासदांत रॉबर्ट स्मॉल्स पुन्हा होते, आता 56 वर्षांचे, काँग्रेसमध्ये पाच वेळा बसून आलेले. 1868 ची घटना लिहिणाऱ्या हातांपैकी एक हात, तीच पुसली जात असताना, विरोधात वर झाला. नव्या घटनेवर सही करण्याचे त्यांनी नाकारले.

या पराभवावर विद्वत्तेचा शिक्का मारण्याचे काम न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले. तेथील प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचना म्हणजे अपात्रांच्या हाती दिलेली सत्ता, असा इतिहास लिहिला व पिढ्यान्‌पिढ्या शिकविला. डनिंग तेथे अध्यापन करीत होते त्याच वर्षांत, 1913 ते 1916, भीमराव आंबेडकर त्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. 1935 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आपल्या प्रचंड ग्रंथाने त्या इतिहासाला उत्तर दिले. आणि 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या व अस्पृश्यांच्या वतीनेही तसे काही करण्याचा विचार कळविला. जोतीरावांनी अमेरिकेतील मुक्तिदात्यांकडे पाहिले होते. त्रेहत्तर वर्षांनी बाबासाहेब त्या देशातील मुक्त झालेल्यांकडे, त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या मागण्यांकडे पाहत होते. हा दृष्टीतील बदल फार मोठा आहे. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांच्या विसंगतीबद्दल जो इशारा दिला, तो वाचताना एडिस्टो बेटावरील त्या तिघांचा अर्ज मला आठवल्याखेरीज राहत नाही, दोहोंमध्ये प्रत्यक्ष संबंध नसला तरी.

अमेरिकेत 1875 च्या कायद्यानंतर नागरी हक्कांचा पुढचा कायदा व्हायला 1957 साल उजाडावे लागले. त्यानंतर 1964 चा आला आणि 1965 चा मताधिकाराचा. त्या सर्वांना आधार मिळाला तो त्याच जुन्या, नव्वद वर्षे पुस्तकात पडून राहिलेल्या घटनादुरुस्त्यांचा. परंतु 1965 च्या कायद्याचे खरे बळ त्याच्या एका तरतुदीत होते : जेथे संस्थानाचे कारकून नावे लिहून घेणार नाहीत तेथे केंद्र सरकारचे अंमलदार जाऊन नोंदणी करतील. ऑगस्ट महिन्यात ते दक्षिणेतील तालुक्यांत जाऊन बसले आणि पुन्हा रांगा लागल्या. त्या वर्षी मिसिसिपीतील कृष्णवर्णीय प्रौढांपैकी शेकडा 7 सुद्धा मतदारयादीत नव्हते. 1967 मध्ये हे प्रमाण शेकडा 60 च्या घरात गेले होते.